पायथनमधील सॉर्ट: मूळ लिस्टचा क्रम बदलतो तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांचा मोठा भाग पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील लिस्टच्या (म्हणजे एका नावाखाली ठेवलेल्या घटकांच्या यादीच्या) क्रमवारीविषयी आहे. पत्रलेखक निरनिराळ्या कामांतले असले तरी त्यांच्या अडचणी एकाच मुळाशी येऊन थांबतात. लिस्टची सॉर्ट ही मेथड, म्हणजे लिस्टला जोडून दिलेली आज्ञा, नवी लिस्ट तयार करून देत नाही, तर हातातील लिस्टचाच क्रम बदलते. म्हणून या खेपेस इतर विषय बाजूला ठेवून संपूर्ण सदर याच प्रश्नांना दिले आहे.

एक सूचना आरंभीच करून ठेवतो. प्रोग्रामच्या ओळी येथे उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर टंकताना पायथनचे स्वतःचे शब्द, म्हणजे सॉर्ट, सॉर्टेड, प्रिंट इत्यादी, रोमन लिपीत आणि प्रोग्राममधील आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत. लिस्टला किंवा फंक्शनला आपण दिलेली नावे मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात, त्यामुळे ‘गुण’ किंवा ‘आवक’ अशी नावे जशीच्या तशी ठेवता येतील.

प्रश्न: मी नागपुरातील एका तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला शिकते. सरावासाठी पुढील तीन ओळी लिहिल्या.

गुण = [७२, ४५, ८८, ६१]
गुण = गुण.सॉर्ट()
प्रिंट(गुण)

चढत्या क्रमात चार आकडे दिसतील अशी अपेक्षा होती, पण पडद्यावर फक्त ‘नन’ आले. एररही आली नाही. माझे आकडे कुठे गेले, सर?

उत्तर: आकडे क्रमाने लागले होते, परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा तुमचा मार्ग दुसऱ्याच ओळीत बंद झाला. ती ओळ पायथन कोणत्या क्रमाने पार पाडतो ते पाहिले की कोडे सुटते. बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडील काम आधी होते. तेथे सॉर्टने तुमच्या लिस्टमधील आकडे ४५, ६१, ७२, ८८ असे लावले. काम झाल्यावर प्रत्येक मेथड काहीतरी उत्तर परत करते आणि सॉर्ट परत करते ते ‘नन’, म्हणजे ‘काहीही नाही’ हे सांगणारे पायथनमधील खास मूल्य. त्यानंतर डावीकडचे काम होते आणि ‘गुण’ हे नाव लिस्टवरून काढून त्या ‘नन’ला दिले जाते. क्रमाने लागलेल्या लिस्टला आता कोणतेही नाव उरले नाही, आणि ज्या वस्तूकडे कोणीही बोट दाखवत नाही तिची जागा पायथन मोकळी करून टाकतो. दुसऱ्या ओळीतील ‘गुण =’ एवढा भाग काढून नुसते ‘गुण.सॉर्ट()’ असे लिहा, म्हणजे तिसरी ओळ तुम्हाला हवे तेच छापेल.

सॉर्टने लिस्टच परत केली असती तर काय बिघडले असते, असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. इतर काही भाषांत तशी सोय आहेही. पायथनचे जनक खिदो व्हान रोसम यांनी मात्र हा निर्णय विचारपूर्वक घेतला असून २००३ साली त्यांनी त्याची बाजू लेखी मांडली होती. वस्तूत बदल करणाऱ्या मेथडने तीच वस्तू परत केली, तर वाचणाऱ्याला नवी वस्तू मिळाल्याचा भास होतो आणि जुनी जशीच्या तशी आहे असे तो समजून चालतो. पायथनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही हेच कारण दिलेले आहे. केवळ क्रम लावण्यासाठी संपूर्ण लिस्टची प्रत काढणे वेगाच्या दृष्टीने परवडत नाही, म्हणून सॉर्ट जागच्या जागी क्रम लावते, आणि मूळ लिस्ट बदलली आहे याची आठवण राहावी म्हणून ती लिस्ट परत करत नाही. माझ्या मते नवशिक्याच्या हिताचा असा हा निर्णय आहे. ‘नन’ पाहून गोंधळ होतो खरा, पण तो पहिल्याच दिवशी आणि डोळ्यांसमोर होतो. लिस्ट परत मिळाली असती तर मूळ क्रम नाहीसा झाल्याचे कदाचित महिन्यांनी, दुसऱ्याच कुठल्या तरी अहवालात लक्षात आले असते.

हाच नियम लिस्टच्या अपेंड, एक्स्टेंड आणि रिव्हर्स या मेथडनाही लागू आहे. त्याही लिस्ट बदलतात आणि ‘नन’ परत करतात. पॉप तेवढी वेगळी आहे. ती लिस्टमधून एक घटक काढते आणि तो काढलेला घटकच परत करते, कारण तो हातात मिळाला नाही तर काढण्याचा उपयोग बहुधा नसतो. तुमच्या वर्गातील इतरांना ‘प्रिंट(गुण.सॉर्ट())’ लिहून ‘नन’ मिळाले असेल, किंवा ‘फॉर’च्या ओळीत ‘गुण.सॉर्ट()’ लिहून ‘नन टाइप’वर फेरी घेता येत नाही अशा अर्थाची एरर आली असेल, तर त्यांनाही हेच उत्तर दाखवा.

मूळ लिस्ट न बदलता क्रमाने लावलेली वेगळी लिस्ट हवी असेल तर त्यासाठी सॉर्टेड हे स्वतंत्र फंक्शन आहे. ‘क्रमाने = सॉर्टेड(गुण)’ असे लिहिल्यावर ‘गुण’ जागच्या जागी राहते आणि ‘क्रमाने’मध्ये नवी लिस्ट येते. हे फंक्शन पायथन २.४ बरोबर २००४ साली आले. सॉर्ट ही फक्त लिस्टची मेथड आहे, तर सॉर्टेडला टपल (बदलता न येणारी यादी), स्ट्रिंग (अक्षरांची माळ), डिक्शनरी (की आणि मूल्य यांच्या जोड्या) असे ज्यावर फेरी घेता येते ते काहीही देता येते आणि उत्तर नेहमी लिस्टच मिळते. डिक्शनरी दिली तर तिच्या फक्त कीज क्रमाने येतात, हे लक्षात असू द्या.

प्रश्न: मी महाल भागातील एका शाळेत आठवीच्या वर्गाला शिकवते. विद्यार्थ्यांची नावे एका लिस्टमध्ये आणि त्याच हजेरी क्रमाने त्यांचे गुण दुसऱ्या लिस्टमध्ये भरले होते. गुणांची मूळ लिस्ट सुरक्षित राहावी म्हणून आधी ‘मूळ_गुण = गुण’ अशी ओळ लिहिली आणि नंतर उतरत्या क्रमासाठी ‘गुण.सॉर्ट(रिव्हर्स=ट्रू)’ केले. पाहते तर ‘मूळ_गुण’ही बदलले होते, आणि नावांसमोर गुण छापल्यावर हजेरीतल्या पहिल्या मुलाला वर्गातले सर्वाधिक गुण मिळाल्याचे दिसू लागले. या दोन वेगवेगळ्या चुका आहेत का, आणि आधीचा क्रम परत कसा आणायचा?

उत्तर: बाई, तुमच्या पत्रातील अडचण या विषयात सर्वांत नुकसान करणारी आहे, कारण येथे पायथन कोणतीही एरर देत नाही आणि छापलेला निकाल वरवर अगदी व्यवस्थित दिसतो. म्हणून तिचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

‘मूळ_गुण = गुण’ या ओळीने प्रत तयार होत नाही. महालातील एखाद्या जुन्या वाड्याला रस्त्यावरून एक आणि मागच्या बोळातून दुसरा दरवाजा असावा, तशी एकाच लिस्टला दोन नावे मिळतात. एका नावाने आत शिरून क्रम बदलला की दुसऱ्या नावानेही तोच बदललेला क्रम दिसतो. खात्री करून घ्यायची असेल तर ‘प्रिंट(मूळ_गुण इज गुण)’ असे लिहून पाहा. उत्तर ‘ट्रू’ येईल, म्हणजे दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत. खरी प्रत हवी असेल तर ‘मूळ_गुण = गुण.कॉपी()’ किंवा ‘मूळ_गुण = लिस्ट(गुण)’ असे लिहावे लागते. ‘गुण[:]’ या जुन्या पद्धतीनेही तेच साधते. ही प्रत फक्त बाहेरच्या लिस्टची असते. लिस्टमध्ये आणखी लिस्ट ठेवल्या असतील तर आतल्या लिस्ट दोन्हीकडे सामाईकच राहतात, पण आकड्यांच्या किंवा नावांच्या साध्या लिस्टला एवढी प्रत पुरेशी आहे.

आता दुसरा भाग. नावे आणि गुण यांचा संबंध तुमच्या प्रोग्राममध्ये कुठेही लिहिलेला नव्हता. तिसरे नाव आणि तिसरे गुण एकाच मुलाचे, हे फक्त तुम्हाला ठाऊक होते, आणि ते ज्ञान साठवलेले होते ते लिस्टच्या क्रमात. गुणांची लिस्ट जागच्या जागी क्रमाने लावताच ते ज्ञान पुसले गेले. ते परत आणण्याची सोय पायथनमध्ये नाही, कारण आधीचा क्रम कुठेही नोंदवून ठेवला जात नाही. तुमच्याकडे गुणपत्रिका कागदावर असतील तर त्यांवरून लिस्ट पुन्हा भरणे हाच मार्ग आहे. ज्या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत त्या आधी एकत्र बांधाव्यात आणि मगच क्रम लावावा.

निकाल = लिस्ट(झिप(नावे, गुण))

डेफ गुण_घ्या(नोंद):
    रिटर्न नोंद[१]

निकाल.सॉर्ट(की=गुण_घ्या, रिव्हर्स=ट्रू)

झिपमुळे प्रत्येक नाव आणि त्याचे गुण यांची एक जोडी होते, ‘की’ला दिलेल्या फंक्शनमुळे जोडीतील गुणांनुसार क्रम लागतो (पायथन घटक शून्यापासून मोजतो, म्हणून ‘नोंद[१]’ म्हणजे दुसरा घटक), आणि जोड्या कितीही हलल्या तरी नाव आपल्या गुणांपासून सुटत नाही. ‘नावे’ आणि ‘गुण’ या मूळ लिस्टही हजेरी क्रमाने जशाच्या तशा शिल्लक राहतात.

क्रमात माहिती दडलेली असते याचे उदाहरण तुमच्या वर्गातील मुलांना नागपूर मेट्रोवरून देता येईल. अ‍ॅक्वा मार्गावरील काही स्थानके पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना लागतात त्या क्रमाने एका लिस्टमध्ये लिहा: लोकमान्यनगर, सुभाषनगर, शंकरनगर चौक, झाशी राणी चौक, सीताबर्डी, कॉटन मार्केट, प्रजापतीनगर. या लिस्टवर सॉर्ट चालवली की ती कॉटन मार्केट, झाशी राणी चौक, प्रजापतीनगर, लोकमान्यनगर, शंकरनगर चौक, सीताबर्डी, सुभाषनगर अशी होते. मार्गाची दोन्ही टोके शेजारी शेजारी आली आणि सीताबर्डीनंतर कोणते स्थानक, हे आता या लिस्टला सांगता येणार नाही. नावे शोधण्यासाठी वर्णानुक्रम सोयीचा असतो हे खरे, पण तो सॉर्टेडने वेगळा काढून घ्यावा आणि मार्गाच्या लिस्टला हात लावू नये.

फंक्शन लिहिताना तर हे आणखी जपावे लागते. समजा तुम्ही वर्गातील पहिल्या तिघांचे गुण देणारे फंक्शन लिहिले.

डेफ पहिले_तीन(यादी):
    यादी.सॉर्ट(रिव्हर्स=ट्रू)
    रिटर्न यादी[:३]

उत्तर बरोबर येईल, पण ज्याने आपली लिस्ट या फंक्शनला दिली त्याच्याकडील क्रमही बदलून जाईल, कारण फंक्शनला लिस्टची प्रत जात नाही, तीच लिस्ट जाते. ज्याने फक्त पहिले तीन मागितले त्याच्या बाकी लिस्टला धक्का लावण्याचा अधिकार फंक्शनला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे ‘रिटर्न सॉर्टेड(यादी, रिव्हर्स=ट्रू)[:३]’ एवढी एकच ओळ पुरते आणि कोणाचेही नुकसान होत नाही.

याच्या अगदी उलट प्रकारही घडतो आणि तोही निमूटपणे. लिस्टमधील पहिला घटक शीर्षक म्हणून तसाच ठेवून उरलेल्यांचा क्रम लावावा, या हेतूने ‘गुण[१:].सॉर्ट()’ असे लिहिले, तर काहीच बदलत नाही. ‘गुण[१:]’ ही एक नवी तात्पुरती लिस्ट असते. तिचा क्रम लागतो आणि नाव नसल्यामुळे ती लगेच नाहीशी होते. तेथे ‘गुण[१:] = सॉर्टेड(गुण[१:])’ असे लिहावे.

प्रश्न: कळमना बाजारात संत्र्यांच्या अडतीच्या दुकानात मी हिशेब पाहतो. प्रत्येक नोंदीत पावती क्रमांक, तालुका आणि क्विंटलमध्ये वजन आहे. तालुक्यानुसार नोंदी एकत्र याव्यात आणि प्रत्येक तालुक्यात जास्त वजनाची नोंद आधी यावी, असे करायचे आहे. एकदा तालुक्यानुसार सॉर्ट केले, मग वजनानुसार केले, तर तालुक्यांची सरमिसळ झाली. शिवाय एका जुन्या फाइलमधून वजने घेतली तर ९५ हे १०२ च्या पुढे मोठे ठरते.

उत्तर: तुम्ही योग्य दोन पायऱ्या केल्या, फक्त त्यांचा क्रम उलटा हवा. जो निकष सर्वांत महत्त्वाचा, त्यानुसार शेवटी सॉर्ट करायचे. पुढील नोंदी उदाहरणादाखल घेऊ.

आवक = [(१, 'काटोल', १२), (२, 'नरखेड', १८), (३, 'काटोल', १५), (४, 'कळमेश्वर', ९), (५, 'नरखेड', १८)]

डेफ वजन_घ्या(नोंद):
    रिटर्न नोंद[२]

डेफ तालुका_घ्या(नोंद):
    रिटर्न नोंद[१]

आवक.सॉर्ट(की=वजन_घ्या, रिव्हर्स=ट्रू)
आवक.सॉर्ट(की=तालुका_घ्या)

आता पावत्या ४, ३, १, २, ५ या क्रमाने येतील. आधी कळमेश्वर, मग काटोलची १५ क्विंटलची आणि नंतर १२ क्विंटलची नोंद, शेवटी नरखेडच्या दोन नोंदी. दुसऱ्या सॉर्टने पहिलीचे काम पुसून टाकले नाही, याचे कारण पायथनची सॉर्ट स्थिर आहे: तुलनेत समान ठरणाऱ्या दोन नोंदींचा आपापसातील आधीचा क्रम ती बदलत नाही. तालुका समान असला की वजनाने आधी लावलेला क्रम टिकतो. पायथन २.३ पासून, म्हणजे २००३ पासून, ही हमी मिळालेली आहे आणि हिशेबाच्या कामात तिच्यावर निर्धास्तपणे विसंबता येते.

नरखेडच्या दोन्ही नोंदींचे वजन १८ असूनही पावती २ ही ५ च्या आधीच राहिली, हेही पाहण्यासारखे आहे. ‘रिव्हर्स=ट्रू’ दिल्यावर मोठ्याकडून लहानाकडे क्रम लागतो, पण समान नोंदी उलटत नाहीत. त्याऐवजी चढत्या क्रमात सॉर्ट करून मग रिव्हर्स मेथड चालवली असती, तर समान वजनाच्या नोंदीही उलटून पावती ५ आधी आली असती. जेथे आधी आलेल्याचा मान आधी असतो तेथे हा फरक लहान नाही.

‘की’ला फंक्शनचे फक्त नाव द्यायचे असते. ‘की=वजन_घ्या()’ असा कंस जोडला तर पायथन ते फंक्शन तिथल्या तिथे चालवायला जातो आणि नोंद दिली नाही म्हणून एरर देतो. कंसाशिवाय दिले की पायथन प्रत्येक नोंदीसाठी ते एकदाच चालवतो आणि मिळालेल्या उत्तरांची तुलना करून नोंदींचा क्रम लावतो. मूळ नोंदींच्या आतले काहीही बदलत नाही.

जुन्या फाइलमधील वजनांची अडचण वेगळी आहे. फाइलमधून वाचलेली वजने आकडे नसून स्ट्रिंग असतात आणि स्ट्रिंगची तुलना अक्षरागणिक डावीकडून होते. ‘९’ हे ‘१’पेक्षा मोठे, म्हणून ‘९५’ हे ‘१०२’पेक्षा मोठे ठरले. नुसत्या वजनांची लिस्ट असेल तर ‘वजने.सॉर्ट(की=इंट)’ एवढे पुरते; तुलना आकड्यांप्रमाणे होते आणि लिस्टमध्ये स्ट्रिंग तशाच राहतात. पण पुढे बेरीज करायची असेल, आणि अडतीच्या हिशेबात ती असतेच, तर फाइल वाचतानाच वजनांचे इंटने आकड्यांत रूपांतर करून घेणे मला अधिक योग्य वाटते. तुमच्या फाइलमध्ये वजने देवनागरी अंकांत लिहिलेली असली तरी इंट ती बरोबर ओळखतो.

एखाद्या नोंदीत वजनाच्या जागी ‘नन’ राहून गेले असेल तर काय, हेही सांगून ठेवतो. पायथन ३ हा डिसेंबर २००८ मध्ये आला, तेव्हापासून आकडा आणि ‘नन’, किंवा आकडा आणि स्ट्रिंग, यांच्यात लहानमोठेपणा ठरवता येत नाही आणि सॉर्ट टाइप एरर देऊन थांबते. ती मध्येच थांबल्यावर लिस्ट अर्धवट बदललेल्या क्रमात राहू शकते. नोंदी हरवत नाहीत, पण आधीचा क्रम तसाच असेल याची खात्री उरत नाही. सॉर्टेड वापरले असेल तर अशा एररनंतरही मूळ लिस्ट जशीच्या तशी राहते. कच्च्या फाइलवर काम करताना मी सॉर्टेड सुचवतो ते मुख्यतः याच कारणासाठी.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या सभासदांची आडनावे देवनागरीत आहेत. सॉर्ट केल्यावर काळे हे नाव कावळे आणि कासार यांच्या आधी येते. मराठी कोशात तर ‘ळ’ हा ‘ह’नंतर असतो. ही पायथनची चूक आहे का?

उत्तर: पायथनला मराठी वर्णमाला ठाऊक नाही. प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक दिलेला आहे आणि पायथन फक्त त्या क्रमांकांची तुलना करतो. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी जागा मिळाली आहे, म्हणून काळे आधी आणि कावळे नंतर. आपल्या भाषेचा क्रम हवा असेल तर तो आपणच सांगितला पाहिजे, आणि ‘की’च्या साहाय्याने ते अगदी थोडक्यात सांगता येते.

डेफ मराठी_क्रम(नाव):
    रिटर्न नाव.रिप्लेस('ळ', सीएचआर(ऑर्ड('ह') + १))

आडनावे.सॉर्ट(की=मराठी_क्रम)

ऑर्ड हे फंक्शन अक्षराचा क्रमांक देते आणि सीएचआर क्रमांकावरून अक्षर देते. येथे तुलनेपुरते ‘ळ’च्या जागी ‘ह’च्या लगेच पुढील क्रमांकाचे चिन्ह ठेवले आहे. ते चिन्ह मराठी लेखनात वापरले जात नाही, त्यामुळे कशाशीही घोळ होत नाही. ते काना-मात्रांच्या चिन्हांच्या आधी येत असल्याने कळमेश्वर हे काटोलच्या आधी, हा क्रमही बिघडत नाही. आडनावे मात्र लिस्टमध्ये ‘ळ’सहच राहतात, बदल केवळ तुलनेसाठी काढलेल्या उत्तरात होतो. कावळे, कासार, काळे असा क्रम तुम्हाला मिळेल.

‘ॲ’ने सुरू होणारी नावे असतील तर तीही तपासा. एकाच चिन्हाने टंकलेला ‘ॲ’ युनिकोडमध्ये देवनागरी अंकांच्याही पुढे आहे, म्हणून अशी नावे यादीच्या तळाशी जातात. ‘अ’ला वर चंद्र जोडून टंकलेली नावे मात्र ‘अ’च्या गटात राहतात. दिसायला दोन्ही सारखीच, त्यामुळे एकाच मंडळाच्या यादीत दोन्ही प्रकार मिसळलेले असणे सहज शक्य आहे. वरच्याच फंक्शनमध्ये आणखी एक रिप्लेस जोडून पहिल्या प्रकाराचे दुसऱ्यात रूपांतर करावे.

प्रश्न: हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी यंत्रांच्या नोंदी तपासतो. लिस्टमध्ये सुमारे १० लाख आकडे असतात. सॉर्टेडने दुप्पट मेमरी लागेल म्हणून नेहमी सॉर्टच वापरावी का? आणि जागच्या जागी म्हणजे जास्तीची मेमरी अजिबात लागत नाही, हे खरे आहे का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. जागच्या जागी याचा अर्थ एवढाच की क्रम लागल्यावर उत्तर त्याच लिस्टमध्ये असते. टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी लिहिलेली टिमसॉर्ट ही रीत लिस्टमध्ये आधीच क्रमाने असलेले तुकडे शोधते आणि ते एकमेकांत मिसळत जाते. या मिसळण्यासाठी तिला जास्तीत जास्त लिस्टच्या निम्म्या घटकांएवढी तात्पुरती जागा लागू शकते. लिस्ट आधीच क्रमाने असेल तर ही रीत एका फेरीतच काम संपवते, म्हणून नव्या थोड्या नोंदी शेवटी जोडून पुन्हा सॉर्ट करणे तुम्हाला वाटते तितके खर्चिक नाही.

सॉर्टेडने सगळेच दुप्पट होते असेही नाही. लिस्टमध्ये स्वतः आकडे नसतात, आकडे जेथे आहेत त्या जागांचे निर्देश असतात, आणि ६४ बिटच्या संगणकावर प्रत्येक निर्देशाला ८ बाइट लागतात. १० लाख नोंदींसाठी नवी लिस्ट म्हणजे सुमारे ८० लाख बाइट, अर्थात ८ मेगाबाइटच्या आसपास. आकड्यांच्या वस्तू पुन्हा तयार होत नाहीत. आजच्या साध्या संगणकालाही एवढे जड नाही. म्हणून तुमच्या कामात मेमरीपेक्षा वेगळी गोष्ट आधी पाहावी. यंत्राच्या नोंदी ज्या क्रमाने आल्या तो क्रम वेळेचा आहे. प्रत्येक नोंदीत वेळ स्वतंत्र लिहिलेली असेल तर सॉर्ट खुशाल वापरा, कारण वेळेनुसार पुन्हा क्रम लावता येईल. नोंदीत नुसताच आकडा असेल आणि बिघाड केव्हा सुरू झाला हे पुढे कोणी विचारण्याची शक्यता असेल, तर ८ मेगाबाइट खर्चून सॉर्टेडच वापरा आणि मूळ लिस्ट तशीच राहू द्या.